पीआर आलंय, विमान ऑक्टोबरचं आहे, मधल्या पाच महिन्यांत नोकरीचं काय काय करून ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. नवरा-बायको ऐरोलीत राहतात, तो ३७ वर्षांचा, मेकॅनिकलचा बीई, महापेच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर. ती बी.फार्म, वाशीच्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत नऊ वर्षं. मुलगी दुसरीत. कॅनडाचं पीआर, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी, मंजूर झालंय, ऑक्टोबरमध्ये टोरांटोच्या बाजूला जायचंय आणि ज्याला विचारावं तो सांगतोय की गेल्यावर बघा, इथून काही होत नाही. ताई, खरंच इथून काही होत नाही का?

होतं हो. बरंच होतं, आणि जे होतं ते इथेच करायला पाहिजे कारण तेच काम इथे रिक्षाच्या भाड्यात होतं आणि तिकडे गेल्यावर घराच्या भाड्यात होतं. म्हणजे कसं, एक कागद आणायला तुम्ही आज ऐरोलीहून कलिनाला युनिव्हर्सिटीत गेलात तर अर्धा दिवस आणि दोनतीनशे रुपये. तोच कागद टोरांटोत बसून मागवायचा झाला तर मेव्हण्याला सुट्टी टाकायला लावा, त्याला अथॉरिटी लेटर पाठवा, खिडकीवरचा माणूस म्हणणार कॅन्डिडेट स्वतः कुठे आहे, आणि हे सगळं होईपर्यंत तुम्ही तिकडे बिनपगारी तीन महिन्यांचं भाडं भरलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच एक तोंडपाठ करायला लावते, प्रत्येक कामाला विचारायचं की हे रिक्षाभाड्यात होतंय की घरभाड्यात.

माझ्याबद्दल दोन ओळी सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी ठाण्याची, पाचपाखाडी. आधी वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीत पर्चेसला होते. २००८ ला आम्ही टोरांटोच्या बाजूच्या मिसिसागाला गेलो, म्हणजे मंदीच्या तोंडावर, मुहूर्त बघा. २०१२ ला घरच्या आजारपणामुळे परत आलो आणि तेव्हापासून जाणाऱ्यांची नोकरीची तयारी करून घेते. व्हिसा, पॉइंट, फॉर्म यात मी पडत नाही, ते पैसे घेऊन करायचं तर तिकडचा लायसन्स असलेला कन्सल्टंट किंवा वकीलच लागतो.

आता माझीच फजिती सांगते कारण तुमचं पहिलं काम त्यातूनच निघतं. मी गेले तेव्हा माझ्याकडे वागळेच्या कंपनीचं एक चार ओळींचं लेटर होतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. बस. तिकडे एका ठिकाणी जवळजवळ सिलेक्ट झाले होते, त्यांनी म्हटलं तुमच्या कामाचं वर्णन असलेलं लेटर द्या आणि बॉसचा नंबर द्या. फोन लावला तर कंपनीच बंद! मालकांनी गाळा विकला, बॉस कुठे गेले कोणाला माहीत नाही, लँडलाईन वाजत राहिली. आज त्या जागेवर जिम आहे, मी कधी त्या रस्त्याने गेले की आत बघते, माझी सात वर्षं ट्रेडमिलखाली गाडली आहेत तिथे.

तर तुमचं पहिलं काम, एक्सपिरियन्स लेटर. पीआरच्या फाईलला लावलेलं तुमच्याकडे असेलच, ते पुरेसं आहे असं समजू नका. ते इमिग्रेशन ऑफिसरसाठी लिहिलेलं असतं, तिकडच्या मॅनेजरला त्यातून काही कळत नाही. नवीन लेटरमध्ये काय पाहिजे तर कोणते व्हॉल्व्ह, किती साईजपर्यंत, कोणत्या स्टँडर्डला टेस्टिंग, एपीआय ५९८ करता की एपीआय ६डी, एएसएमई बी१६.३४ वर काम आहे का, तुमच्या हाताखाली किती जण, कस्टमर ऑडिट किती फेस केली, रिजेक्शन कितीवरून कितीवर आणलं. एचआर म्हणणार आमचा फॉरमॅट ठरलेला आहे. ते नेहमीच म्हणतात. मग तुम्ही स्वतः ड्राफ्ट करून तुमच्या डिपार्टमेंट हेडकडून त्यांच्या सहीने आणि कंपनीच्या लेटरहेडवर घ्या, आणि ते राजीनामा देण्याच्या आधी घ्या, नंतर नाही, राजीनामा दिलेल्या माणसाची कामं टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये जातात हे मी तुम्हाला सांगायला नको. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल तर त्याचं गणित आत्ताच मांडा. आणि जुन्या दोन-तीन बॉसचे पर्सनल ईमेल आणि मोबाईल नंबर घेऊन ठेवा. ऑफिसचा ईमेल काही कामाचा नाही, माणसाने नोकरी बदलली की तो ईमेल मेला.

एक सूचना, हे पुष्कळजण करतात म्हणून सांगते. कंपनीची ड्रॉईंग, प्रोसिजर, टेस्ट रिपोर्ट पेनड्राईव्हवर घेऊन जाऊ नका. "सॅम्पल वर्क" म्हणून तिकडच्या इंटरव्ह्यूत ते दाखवलं तर समोरच्याच्या मनात पहिलं हेच येतं की उद्या हा आमचं पण असंच नेईल.

आता दुसरं, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. तुमच्या प्रश्नात वहिनींबद्दल एकच ओळ आहे, "बायको फार्मासिस्ट आहे, तिचं सेटल झाल्यावर बघू". माझ्याकडे आलेल्या दहातल्या आठ जोड्या हेच वाक्य घेऊन येतात आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ज्याचा रस्ता लांबचा त्याने आधी निघायला पाहिजे ना? तुमच्या कामाला लायसन्स लागत नाही, तिच्या कामाला लागतं. आज सुरू केलं तरी तिचं दीडदोन वर्षांचं काम आहे, आणि "सेटल झाल्यावर" सुरू केलं तर मध्ये दोन-तीन वर्षांचा गॅप आलेला असतो, अभ्यास विसरलेला असतो, मुलीची शाळा, तुमची शिफ्ट, थंडी, आणि मग नऊ वर्षं हॉस्पिटल फार्मसी सांभाळलेली बाई कुठल्यातरी दुकानात काउंटरला उभी राहते आणि तिथेच राहते. खारघरच्या एका जोडप्याचं मी हे डोळ्यांनी बघितलंय, नवऱ्याचं छान झालं, बायको अजून म्हणते की ताई तुम्ही तेव्हा ओरडला होतात ते खरं होतं. माझं ओरडणं कमी पडलं, दुसरं काय.

तिचा रस्ता असा आहे. फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा म्हणून संस्था आहे, सगळे पीईबीसी म्हणतात. आधी तिथे कागदांचं इव्हॅल्युएशन, मग इव्हॅल्युएटिंग एक्झाम, मग क्वालिफाइंग एक्झाम, त्याचे दोन भाग, पहिला एमसीक्यू आणि दुसरा ओस्की, म्हणजे एकेका स्टेशनवर समोर पेशंट म्हणून ॲक्टर बसवतात आणि तुम्ही त्याच्याशी बोलून दाखवायचं. त्यानंतर ऑन्टारिओच्या कॉलेज ऑफ फार्मसिस्टचं वेगळं, कायद्याची परीक्षा, प्रॅक्टिसचं असेसमेंट वगैरे. नावात कॉलेज असलं तरी ते शिकवायचं कॉलेज नाही बरं का, ती आपल्या फार्मसी कौन्सिलसारखी बॉडी आहे, पहिल्यांदा सगळेच फसतात.

यातली पहिली पायरी पूर्ण इथली आहे, आणि तिथेच गाडी अडकते कारण मार्क्सचे कागद युनिव्हर्सिटीकडून आणि रजिस्ट्रेशनचं लेटर स्टेट फार्मसी कौन्सिलकडून थेट जावं लागतं, तुम्ही हातात घेऊन स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही. वहिनींची डिग्री मुंबई युनिव्हर्सिटीची असेल तर कलिनाच्या परीक्षा भवनाच्या फेऱ्या आल्या. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या कॉप्या, केटी असेल तर त्याच्या पण, लग्नाआधीचं नाव आणि आत्ताचं नाव वेगळं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि गॅझेट, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे आणि मार्कशीटवर वडिलांचं मधे, हे आपल्या मराठी बायकांचं कायमचं दुखणं आहे, तीन कागदांवर तीन बायका. हे आत्ता निस्तरा. तिकडून हे निस्तरणं म्हणजे शिक्षा आहे.

आणि एक गैरसमज. पीआरच्या वेळी वहिनींचं डब्ल्यूईएस, म्हणजे इथली डिग्री तिकडच्या कशाच्या बरोबरीची ते तपासणं, केलं असेल, तो रिपोर्ट पॉइंटसाठी होता, लायसन्सला तो चालत नाही, पीईबीसीचं पुन्हा वेगळं करावंच लागतं. (हे वाचणाऱ्यांत कोणी डी.फार्म असेल तर त्यांच्यासाठी हा रस्ता नाही, पीईबीसीला फार्मासिस्टसाठी डिग्रीच लागते, तुम्ही फार्मसी टेक्निशियनचा रस्ता बघा, तो पण रेग्युलेटेड आहे आणि वाईट अजिबात नाही.)

अभ्यास इथे नोकरी करता करता सुरू होतो. इकडे आपण पॅरासिटामॉल म्हणतो तिकडे ॲसिटामिनोफेन, क्रोसिन मागणारा पेशंट तिकडे टायलेनॉल मागतो, हे नावांचं तर होईल पाठ. खरं अवघड आहे ते बोलणं. आपल्याकडे फार्मासिस्ट खिडकीच्या आत असतो, प्रिस्क्रिप्शन वाचायचं, औषध द्यायचं, बिल. तिकडे तो बाहेर येऊन बोलतो, लस टोचतो, आणि ऑन्टारिओत तर १ जानेवारी २०२३ पासून काही किरकोळ आजारांवर फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतो. म्हणजे काम डॉक्टरच्या जवळचं आहे. तर वहिनींना सांगा, पुढचे पाच महिने ड्युटीवर रोज दोन पेशंटना शांतपणे समजावून सांगायचं, कधी घ्यायचं, कशाबरोबर नाही घ्यायचं, काय झालं तर परत यायचं, आणि तेच घरी येऊन आरशासमोर इंग्लिशमध्ये. मुलीला पेशंट करा, दुसरीतली मुलं प्रश्न विचारून भंडावून सोडतात, ओस्कीच्या ॲक्टरपेक्षा भारी.

लायसन्स येईपर्यंत त्यांनी काय करायचं? फार्मसी असिस्टंट म्हणून काम, त्याला लायसन्स लागत नाही. पगार कमी असतो पण सिस्टीम, सॉफ्टवेअर, इन्शुरन्सची भानगड सगळं आतून कळतं. मी हे काउंटरच्या नोकरीत धरत नाही कारण हे त्याच रस्त्यावरचं स्टेशन आहे. दुसऱ्या लाईनवरचं नाही. ठाण्याहून वाशीला जायचंय तर ट्रान्सहार्बरची गाडी स्लो असली तरी चालते, पण कसारा फास्टमध्ये बसलात तर सीट मिळून उपयोग काय.

आता तुमच्याकडे येते. तुम्हाला लायसन्स लागत नाही असं वर म्हटलं, त्याला एक शेपूट आहे. ऑन्टारिओत "इंजिनिअर" हे नाव कायद्याने राखीव आहे, लायसन्स नसताना स्वतःला प्रोफेशनल इंजिनिअर म्हणवून घेता येत नाही, त्यामुळे लिंक्डइनवर हेडलाईन टाकताना सांभाळून. क्वालिटी मॅनेजर, क्वालिटी स्पेशलिस्ट, इन्स्पेक्टर याला काही हरकत नाही. पुढे पी.इंज., म्हणजे तिकडचं इंजिनिअरचं लायसन्स, करायचं असेल तर ऑन्टारिओच्या बॉडीने, म्हणजे पीईओने, मे २०२३ पासून कॅनेडियन अनुभवाची अट काढून टाकलीय, एकूण ४८ महिन्यांचा अनुभव लागतो आणि तो इथला मोजला जातो. पण तो अनुभव ३४ मुद्द्यांत लिहून काढायचा असतो आणि प्रत्येकाला तुमचं काम जवळून बघितलेला माणूस साक्षीला लागतो. आलं लक्षात, जुन्या बॉसचे पर्सनल ईमेल का घ्या म्हटलं ते? त्यांना आत्ता चहाला बोलवा आणि सांगा की वर्षादोन वर्षांनी तुम्हाला एक फॉर्म येईल, तो स्पॅममध्ये घालू नका.

तुमच्या लाईनमधलं एक सांगते जे तुम्हाला एजंट सांगणार नाही कारण त्याला माहीतच नसतं. कॅनडात प्रेशरमध्ये वापरायच्या व्हॉल्व्हच्या डिझाईनला सीआरएन लागतो, कॅनेडियन रजिस्ट्रेशन नंबर, सीएसए बी५१ कोडखाली, आणि प्रत्येक प्रॉव्हिन्सची मान्यता वेगळी, ऑन्टारिओत ते टीएसएसए बघते, अल्बर्टात एबीएसए. नंबरात पॉइंटनंतर जो आकडा असतो ना तो प्रॉव्हिन्स, ५ म्हणजे ऑन्टारिओ, २ म्हणजे अल्बर्टा. आता उद्या ऑफिसला जाऊन एक्सपोर्टवाल्यांना विचारा की आपला माल कधी कॅनडाला गेलाय का. गेला असेल तर त्याच्या फाईलला सीआरएनचं काम कोणीतरी केलंय, त्या माणसाबरोबर बसा, पुढच्या वेळी तुम्ही करा. मागच्या वर्षी रबाळ्याच्या एका मुलाला मी हेच सांगितलं, तो म्हणाला ताई आमच्याकडे नाहीच, आणि शोधलं तर त्याच्याच सहीचे तीन डेटा बुक निघाले, तो नंबर कशाचा हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता! त्याच्या रेझ्युमेत ती एक ओळ टाकली आणि तिकडच्या पहिल्या इंटरव्ह्यूत अर्धा वेळ त्या ओळीवर गेला.

एनडीटीचं, म्हणजे माल न तोडता करायच्या तपासणीचं, पण बघा. तुमच्याकडे त्यातलं अमेरिकन पद्धतीचं एएसएनटी लेव्हल टू सर्टिफिकेट असेल, महापे-रबाळे पट्ट्यात प्रत्येकाकडे असतं. एसएनटी-टीसी-१ए वालं सर्टिफिकेट हे कंपनीने दिलेलं असतं, कंपनी सुटली की ते सुटलं. तिकडे सीजीएसबीचं, म्हणजे कॅनडाच्या स्टँडर्डवरचं, सर्टिफिकेट चालतं, ते आयएसओ ९७१२ वर बसवलेलं आहे आणि त्याची परीक्षा वेगळी. तुम्हाला मॅनेजर म्हणून ते लागेलच असं नाही, पण ज्यांचं पोट एनडीटीवर आहे त्यांनी हे समजून जावं. त्यांनी इथे ट्रेनिंगचे तास आणि प्रत्यक्ष कामाचे तास लिहिलेले, सही-शिक्क्याचे लॉग घेऊन ठेवावेत. वेल्डिंगवाल्यांना तसंच, इथे एएसएमईचं सेक्शन नाइन, तिकडे बऱ्याच ठिकाणी सीडब्ल्यूबी, म्हणजे कॅनेडियन वेल्डिंग ब्युरोचं.

एक सर्टिफिकेट जे मी तुम्हाला घ्या म्हणेन ते एएसक्यू या अमेरिकेतल्या क्वालिटीच्या संस्थेचं सीक्यूई, सर्टिफाइड क्वालिटी इंजिनिअर. उत्तर अमेरिकेत क्वालिटीवाले ते ओळखतात, परीक्षा कॉम्प्युटरवर सेंटरला जाऊन असते आणि इथूनही देता येते. पाच महिन्यांत होण्यासारखी आहे, स्टॅटिस्टिक्स मात्र पुन्हा काढावं लागेल, बीईनंतर तुम्ही ते उघडलं नसणार. बाकी ऑनलाईनची वीस-वीस सर्टिफिकेट गोळा करू नका, रेझ्युमे लग्नाच्या आहेराच्या यादीसारखा दिसतो.

रेझ्युमे. फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, वडिलांचं नाव, पासपोर्ट नंबर, सगळं काढा. दोन पानं. लाख-कोटी काढा. "लुकिंग आफ्टर", "हँडलिंग", "पास्ड आऊट", हे आपलं ऑफिसचं इंग्लिश काढा. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, तिकडच्या माणसाला त्यातून तुम्ही नक्की काय केलं ते कळत नाही एवढंच. पण खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मराठी माणसाची खास आहे. आपण "मी केलं" म्हणतच नाही! परवाच एकाचा मॉक इंटरव्ह्यू घेतला, तुमच्यासारखाच क्वालिटीचा, विचारलं रिजेक्शन कमी कसं केलंत, तर म्हणाला आमच्या टीमने केलं, मग सरांनी सांगितलं तसं केलं, मग सगळ्यांच्या सहकार्याने झालं. अरे पण तू काय केलंस? दहा मिनिटं खोदल्यावर कळलं की सीट लॅपिंगची फिक्स्चर त्याने स्वतः बदलली होती, शनिवारी येऊन, कोणी सांगितलं नसताना. लहानपणापासून घरी शिकवलेलं असतं ना, स्वतःची टिमकी वाजवू नये. तिकडच्या इंटरव्ह्यूत विचारतातच असं की एखादा प्रसंग सांगा, परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, निकाल काय लागला. तिथे "आम्ही" म्हटलं की समोरचा समजतो हा तिथे फक्त हजर होता. असे आठ-दहा प्रसंग तुमच्या कामातले आत्ता लिहून काढा, आत्ता म्हणजे फायली आणि माणसं समोर असताना, आकडे तपासता येतात. आणि मग तोंडाने म्हणा. मी लोकांना सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारत बोलायला लावते, एका फेरीत एक प्रसंग, फोनवर रेकॉर्ड करून. लोक बघतात, बघू देत, कानाला इअरफोन असला की वाटतं कॉलवर आहे.

ओळखी. हे पण इथूनच. टोरांटो उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तुम्ही संध्याकाळी साडेसातला घरी चहा घेऊन बसलात की तिकडे सकाळचे दहा. यापेक्षा सोयीची वेळ नाही. लिंक्डइनवर तुमच्या लाईनमधली माणसं शोधा, व्हॉल्व्ह, पंप, प्रेशर व्हेसल, आणि त्यांना "नोकरी आहे का" असं विचारू नका, वीस मिनिटं मागा आणि त्यांच्या कामाबद्दल विचारा. दहाजणांना लिहिलं तर दोघं उत्तर देतात, एवढंच प्रमाण धरून चला, मनाला लावून घेऊ नका. मराठी भाषिक मंडळ आहे टोरांटोला, तिथे जरूर जा, गणपतीला जा, पुरणपोळी खा, घर शोधायला आणि मुलीच्या शाळेला त्यांची जी मदत होईल ती दुसऱ्या कोणाची होणार नाही. पण नोकरीचा सल्ला घेताना बघून घ्या की सांगणारा कोणत्या लाईनचा आहे. आयटीवाल्याचा अनुभव व्हॉल्व्हवाल्याला लागू पडत नाही आणि २००५ ला गेलेल्याचा तर आज कोणालाच नाही, माझा पण त्यात धरा, म्हणून मी माझ्या वेळचे पगार-बिगार कधी सांगत नाही.

कॅनडा सरकारच्या पैशाने चालणाऱ्या प्री-अरायव्हल सर्व्हिसेस असतात, पीआर मंजूर झालेल्यांसाठी, ऑनलाईन आणि फुकट. आयआरसीसीच्या, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशन खात्याच्या, वेबसाईटवर सध्या कोणत्या चालू आहेत ती यादी असते, तिथूनच रजिस्टर करा. फुकट म्हटलं की आपल्याला वाटतं टाकाऊ असणार, आणि मग तेच कोणीतरी वाशीत ऑफिस टाकून तीस हजाराला विकतो. काउन्सेलर रेझ्युमे तपासून देतो, तिकडच्या माणसाकडून ऐकायला मिळतं, वापरा.

"कॅनेडियन एक्सपिरियन्स" या शब्दाने आमच्या वेळी फार रडवलं. आता ऑन्टारिओत १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत कॅनेडियन अनुभव हवा असं लिहिता येत नाही, आणि पगाराची रेंज पण लिहावी लागते. याचा लगेच एक फायदा घ्या, आत्तापासून रोज पाच जाहिराती वाचा, रेंज टिपा, कोणते शब्द परत परत येतात ते टिपा. महिन्याभरात तुमच्या डोक्यात बाजारभाव बसतो. जाहिरातीत लिहीत नाहीत म्हणजे मनातून गेलं असं नाही हे पण धरून चला.

आता जे कोणी बोलत नाही ते. सर्व्हायव्हल जॉब. मी मिसिसागात आठ महिने वेअरहाऊसमध्ये बॉक्स पॅक केले, लाज वाटली नाही, पाठ दुखली. चूक ती नव्हती. मी नाईट शिफ्ट घेतली ही चूक, कारण दिवसा झोप आणि इंटरव्ह्यूचा फोन आला तर मी उशीखाली. तर तुम्ही दोघांनी इथेच, डायनिंग टेबलावर बसून, कागदावर लिहा. किती महिने स्वतःच्या लाईनमध्येच शोधायचं, किती पैसे उरले की मिळेल ते काम घ्यायचं, कोणी घ्यायचं, आणि घेतलं तर विकडेजला सकाळ मोकळी राहील अशीच शिफ्ट. हा आकडा इथे ठरला तर तो निर्णय असतो. तिकडे जानेवारीच्या बर्फात ठरवायला बसलात तर ते भांडण असतं.

तारखेचं पण एक बघा. ऑक्टोबरच्या शेवटी उतरलात तर घर, बँक, सिन नंबर (तिकडे काम करायला लागणारा सरकारी नंबर), शाळा यात नोव्हेंबर जातो, आणि डिसेंबरमध्ये तिकडे भरती मंदावते, सगळे ख्रिसमसच्या मूडमध्ये, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोणी ईमेलला उत्तर देत नाही. पीआरसाठी केलेलं मेडिकल बारा महिने चालतं आणि तुमची लँडिंगची तारीख त्याला बांधलेली असते, त्याच्या आत एकदा जावंच लागतं. तारखेत जागा असेल तर एक तर सप्टेंबरच्या सुरुवातीला जा, शाळा पण तेव्हाच सुरू होते, नाहीतर लँडिंग करून परत या आणि फेब्रुवारीत सगळे जा, पाच वर्षांत ७३० दिवस राहायची अट आहे, त्यात हे बसतं. मुलीला अर्ध्या वर्षात काढायचं नाही वगैरे तुमचं तुम्ही बघा, मी फक्त नोकरीच्या बाजूने सांगतेय.

आणि कोणी "जॉब ऑफर लेटर काढून देतो" म्हणालं तर त्याला चहा पण पाजू नका. तुमचं पीआर झालंय, तुम्हाला ते लागतच नाही, आणि ज्यांचं व्हायचंय त्यांनाही एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे पॉइंटवर पीआर देण्याच्या पद्धतीत, २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे पॉइंट मिळत नाहीत. तरी विकणारे विकतायत.

हे वाचणाऱ्यांत कोणी जर्मनीला जाणारे असतील तर त्यांनी यातलं सगळं लागू करू नये, नर्सिंगसारख्या कामात तिकडे भाषा आणि डिग्रीची मान्यता हीच आधी, विमान नंतर. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, हेच फार लांबलं.

तर उद्या सोमवार आहे. तुम्ही लेटरचा ड्राफ्ट बनवायला घ्या, मला पाठवलात तरी चालेल, कंपनीचं नाव खोडून पाठवा. आणि वहिनींना आज रात्रीच कपाटातून फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन काढायला सांगा आणि रिन्यूअलची तारीख बघा. हॉस्पिटलमध्ये कोणी विचारत नाही म्हणून ते राहून गेलेलं असतं, आणि लॅप्स असेल तर कौन्सिल पुढचं लेटर देणार नाही आणि तुमच्या पाच महिन्यांतला पहिला महिना तिथेच जाईल.